चालणं, गोळी, इंजेक्शन की ऑपरेशन? खेड्यात राहून वजनाचं काय करावं

आमच्या वहिनी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतात. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला, म्हणे भाऊजी, बहीण म्हणते इंजेक्शन घे, शेजारीण म्हणते ऑपरेशन कर, डॉक्टर म्हणतात आधी चाला, मी करू काय? त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण हा प्रश्न आता घरोघरी आहे.

पहिले वजनकाटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. आशाताई तिशीच्या वरच्या लोकांचा फॉर्म भरायला येते तेव्हा कंबर मोजते, ते उगाच नाही. बाईची कंबर 80 सेंमी, माणसाची 90 किंवा त्याच्यावर असली की एक मुद्दा झाला. बाकीचे चार म्हणजे बीपी 130/85 किंवा वर, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 150 किंवा वर, आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल बाईला 50 च्या, माणसाला 40 च्या खाली. पाचातले तीन भरले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. वहिनींचं वजन 68 किलो, पाहणारा म्हणेल काही जास्त नाही, पण चार मुद्दे निघाले, कंबर 94. आपल्याकडे असंच असते, हातपाय बारीक आणि पोट पुढे, आणि ती आतली चरबी लिव्हरवर बसते, मग साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. म्हणून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, आपल्या लोकांसाठी 25 लाच लठ्ठपणा धरतात, 30 ची वाट पाहत नाहीत.

आता चालणं-खाणं. 2002 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि 7 टक्के वजन कमी करायचं टार्गेट ठेवलं तर डायबेटिस व्हायचा धोका 58 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन गोळीनं 31. पण 2006 च्या भारतातल्या अभ्यासात दोन्ही जवळपास सारखे निघाले, 28.5 आणि 26.4. म्हणजे गोळी साखरेसाठी कामाची आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, पण तिच्यानं वजन दोन-तीन किलोच्या पुढं उतरेल अशी आशा ठेवू नका. वहिनी म्हणाल्या वावरात राबतो की आम्ही, अजून चालायचं काऊन? राबता, बरोबर आहे, पण निंदण आणि वेचणी वर्षभर नसते, कापूस घरात आला की जूनपर्यंत बसणंच आहे. आणि ज्वारीच्या भाकरीला दोष देऊ नका, भाताचा ढीग आणि दिवसाचे पाच गोड चहा पहिले पहा. तूर आपल्याच वावरात होते तरी ताटात पाण्यासारखं पातळ वरण, हे मला खरंच खटकते. घट्ट वरण, उसळ, अंडं, एवढं वाढवा. एक लक्षात घ्या, वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवते आणि शक्तीचा खर्च कमी करते, म्हणून गेलेलं वजन परत आलं तर ते तुमच्या मनाची कमजोरी नाही.

इंजेक्शन म्हणजे सेमाग्लुटाइड नाहीतर टिर्झेपटाइड, आठवड्यातून एकदा. आतड्यातून जेवल्यावर जो जीएलपी-1 हार्मोन सुटते त्याच्यासारखं काम करते, भूक मरते, पोट हळू रिकामं होते. सेमाग्लुटाइडनं 68 आठवड्यात सरासरी 15 टक्के, टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं 72 आठवड्यात 21 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. फार मोठी गोष्ट आहे ही. पण मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता होते, पित्ताचे खडे होऊ शकतात, गरोदरपणात चालत नाही, घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर नाहीच. आणि बंद केलं की वर्षभरात गेलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं. म्हणून स्वतःला विचारा, सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षी पण दर महिन्याला हे परवडेल का? सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च 2026 पर्यंतचंच, देशी कंपन्यांमुळे स्वस्त झालं तरी खर्च महिन्याचाच राहतो.

अजून एक, जे शहरातले लोक सांगत नाहीत. हे इंजेक्शन पेनमध्ये येते, आणि न वापरलेला पेन 2 ते 8 डिग्रीत ठेवावा लागते. माझ्या मित्रानं मे महिन्यात नागपूरहून आणला तर रुमालात गुंडाळून एसटीत, बाहेर 45 डिग्री, घरी आला तर लाइट गेलेली, मग भीतीनं फ्रीजरमध्ये बर्फाला चिकटवून ठेवला. गोठलेला पेन फेकूनच द्यावा लागते, एवढे पैसे पाण्यात. बर्फाचा डबा सोबत न्या, पण पेन बर्फाला टेकू देऊ नका, आणि घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दाराला नको. आणि इंजेक्शन चालू असताना घट्ट वरण खाणं, वजन उचलणं बंद केलं तर चरबीसोबत स्नायूही जाते, पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्याला ते लगेच कळते.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीनं जठराचा तीन चतुर्थांशपेक्षा जास्त भाग काढतात, भुकेचा घ्रेलिन हार्मोन पण कमी होते, वजन साधारण चौथा हिस्सा किंवा जास्त उतरते, बऱ्याच जणांची साखर गोळ्यांशिवाय ताब्यात येते. बीएमआय 32.5 च्या वर आणि सोबत साखर-बीपी असेल तर हा पर्याय मनापासून पहा, घाबरून टाळू नका. पण जन्मभर बी12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि तपासण्या आहेत, आणि आपल्या बायांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, ते पहिले सुधारा.

वहिनींचा बीएमआय 29, म्हणून ऑपरेशन आत्ता नाही. तीन महिने चालणं, घट्ट वरण आणि डॉक्टरांनी दिलेली मेटफॉर्मिन, मग साखर आणि लिपिडचा (रक्तातल्या चरबीचा) रिपोर्ट परत. नाही हललं तर इंजेक्शनचं डॉक्टरांशी बोलू, आणि त्याच्या आधी भाऊ फ्रिज दुरुस्त करून घेणार आहे. टेप त्यांनी दाराच्या खुंटीला टांगला आहे.