सीपी की आरसिंक: मधेच लाइट गेली तर काय उरतं, त्यावरून ठरवा

लग्नसराई सुरू झाली की लातूर, उदगीर, परभणीच्या फोटो स्टुडिओंतून एक प्रश्न हमखास येतो. लिनक्सवर टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, फुटेज दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं, तर सीपी (cp) वापरावं की आरसिंक (rsync)? दोन्ही फाइली कॉपी करण्याच्याच कमांड. बहुतेकांना वेगाची काळजी असते. खरं तर एकाच मशीनवर दोन डिस्कांमध्ये कॉपी करताना वेग कमांड ठरवत नाही, डिस्क आणि केबल ठरवतात. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला ३० एमबी मिळाले तर ६४ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला ३५ मिनिटं लागतात, कमांड कोणतीही द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात त्या ३५ मिनिटांत लाइट जाऊ शकते, आणि डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसला तर कॉपी तिथेच तुटते. म्हणून मी आधी एवढंच विचारतो: तुटल्यावर डिस्कवर काय उरतं?

सीपी फाइल थेट तिच्या खऱ्या नावाने लिहायला घेतं. ३ जीबीची क्लिप १ जीबीवर तुटली, तर डिस्कवर त्याच नावाची अर्धी क्लिप राहते. नावावरून काहीच कळत नाही. आता लाइट आल्यावर बरेच जण वेळ वाचवण्यासाठी ‘डॅश यू’ (-u) हा पर्याय लावून सीपी पुन्हा चालवतात, म्हणजे फक्त नव्या फाइली जातील. धोका नेमका इथे आहे. ‘डॅश यू’ फक्त तारीख-वेळ बघतो. अर्धी क्लिप आज लिहिली गेली, मूळ क्लिप काल शूट झाली; म्हणजे अर्धीच जास्त ताजी ठरते आणि सीपी तिला हात न लावता पुढे जातं. ‘डॅश एन’ लावला तरी तेच, कारण नाव आधीच हजर आहे. कुठलीही चूक दाखवली जात नाही, आणि कार्ड फॉरमॅट केलं की ती क्लिप कायमची गेली.

आरसिंक याच जागी वेगळं वागतं. ते आधी एका लपवलेल्या तात्पुरत्या नावाने फाइल लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव देतं. तीच कमांड पुन्हा दिली की ते प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ दोन्ही तपासतं, जुळलेल्या फाइली सोडतं आणि उरलेल्या घेतं. अचानक लाइट गेल्यावर तात्पुरती फाइल डिस्कवर पडून राहते, तेवढी हाताने पुसावी लागते. आणि एक खबरदारी घ्याच: लाइट गेल्यानंतरच्या फेरीत एकदा ‘डॅश सी’ लावा. मग आरसिंक आकारावर विश्वास न ठेवता दोन्हीकडची फाइल पूर्ण वाचून ताडून बघतं. वेळ लागतो, पण कार्ड पुसण्याआधी तो द्यायलाच हवा.

मग सीपी टाकून द्यायचं का? अजिबात नाही. एखादा फोल्डर, चार-दोन जीबी, समोर बसून करायचं काम, तिथे सीपीच सोपं. फक्त ‘डॅश आर’ऐवजी ‘डॅश ए’ वापरा. नुसत्या ‘डॅश आर’ने प्रत्येक फाइलवर आजची तारीख पडते. तारखेनुसार अल्बम लावणाऱ्याचं काम तिथेच बिघडतं, शिवाय पुढे त्याच फोल्डरवर आरसिंक चालवलं तर वेळा जुळत नाहीत म्हणून ते सगळं पुन्हा कॉपी करतं.

आरसिंक निवडणाऱ्याने स्लॅश नीट समजून घ्यावा. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश (/) नसेल तर तो फोल्डर डिस्कवर तयार होतो. स्लॅश असेल तर फक्त आतला माल जातो आणि डिस्कवर पसरतो. सीपीची सवय असलेल्याला हा फरक सुरुवातीला त्रास देतो. ‘डिलीट’ पर्याय मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही पुसतो; त्याबाबत तर मी फार कडक आहे. मूळ डिस्क माउंटच (सिस्टिमला जोडलेलीच) झालेली नसेल आणि तिच्या जागचा रिकामा फोल्डर मूळ म्हणून दिला, तर आरसिंक बॅकअपही तसाच रिकामा करून ठेवतं. आधी ‘डॅश एन’ लावून नुसती यादी बघा, मगच खरी कमांड द्या. आणि हो, इथला ‘डॅश एन’ म्हणजे सराव फेरी, सीपीतला ‘डॅश एन’ वेगळा.

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही, तिथे कमांड बदलून उपयोग नाही. फॅट वेळही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदवतं, त्यामुळे आरसिंकला फाइली बदलल्यासारख्या वाटतात. तिथे ‘मॉडिफाय-विंडो’ १ ठेवा, म्हणजे एका सेकंदाचा फरक चालतो, आणि ‘डॅश ए’ऐवजी ‘डॅश आरटी’ द्या.

लातूरहून संभाजीनगरच्या मशीनवर पाठवायचं असेल तर लहान फाइलीला एससीपी (नेटवर्कवरून कॉपी करणारी कमांड) पुरे. तुटल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, म्हणून मोठ्या फाइलीला आरसिंक आणि ‘डॅश मोठा पी’: कनेक्शन तुटलं तरी आलेला भाग जपला जातो आणि पुढच्या वेळी कामी येतो. आरसिंक मात्र दोन्ही मशीनवर हवं. नसेल तर एसएफटीपी या फाइली पाठवण्याच्या साधनातली ‘रीपुट’ कमांड तुटलेली फाइल पुढे चालू करते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आरसिंक आणलं ते बदललेला तुकडाच पाठवण्याच्या युक्तीसह. क्लासच्या प्रश्नसंचाच्या डेटाबेसला तिचा मोठा फायदा होतो. नव्याने एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओला जवळजवळ नाही, कारण त्यात जुन्याशी जुळणारं फारसं उरत नाही. पाठवताना डेटा दाबणारा (कॉम्प्रेस करणारा) ‘डॅश झेड’ही व्हिडिओ-जेपेगला लावू नका, ते आधीच दाबलेले असतात.

विंडोजवाल्यांनी त्यांच्याकडचं कॉपीचं साधन, रोबोकॉपी, घ्यावं. व्हिस्टापासून ते सोबतच येतं. त्याचा ‘एमआयआर’ पर्याय आरसिंकच्या ‘डिलीट’सारखाच धोकादायक आहे, आधी ‘एल’ लावून यादी बघा. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते मुळात १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करतं, म्हणजे रात्रभर लावलेली कॉपी सकाळी त्याच फाइलवर अडकलेली दिसते. ‘आर’ (किती वेळा प्रयत्न) २ आणि ‘डब्ल्यू’ (मध्ये किती सेकंद थांबायचं) ५ असं आधीच देऊन ठेवा. शेवटी निकालाचा कोड १ आला तर घाबरू नका, फाइली नीट गेल्या असा त्याचा अर्थ. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच कार्ड तसंच ठेवा आणि लॉग वाचा.