एक मोकळा दिवस: ग्रिंडेलवाल्डहून बेरेग की म्युरेनहून रोटश्टॉक?

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला मुक्काम आहे, युंगफ्राउयोख पाहून झालंय आणि एक दिवस हाताशी उरलाय. पायी डोंगरात जाऊन हटवर (डोंगरातल्या साध्या उपाहारगृहात) गरम सूप प्यायचं आणि संध्याकाळी परत यायचं, इतकीच इच्छा असेल तर बेरेग आणि रोटश्टॉक या दोन हटच्या वाटांची नावं हमखास पुढे येतात. चढ दोन्हीकडे साधारण ४०० मीटरच, म्हणजे आतकरवाडीवरून सिंहगड चढणाऱ्याला घाबरण्यासारखं काही नाही. फरक पडतो तो वेळेचा.

बेरेग ही अर्ध्या दिवसाची वाट. ग्रिंडेलवाल्ड (१०३४ मी.) स्टेशनवरून गावातून चर्चच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं चाललं की फिंगस्टेगच्या छोट्या केबल कारचं स्टेशन लागतं. ती १३९१ मीटरवर सोडते आणि तिथून १७७५ मीटरवरच्या बेरेगपर्यंत सव्वा ते दीड तास. सुरुवात जवळजवळ सपाट असते, खरा चढ शेवटच्या टप्प्यात. जाताना उजव्या हाताला खोल दरी सतत सोबत असते. वाट पुरेशी रुंद आहे, पण लहान मुलं दरीच्या बाजूने नकोत. उंचीची भीती असणाऱ्याला घेऊन जाण्याआधी त्याला हे स्पष्ट सांगा, अर्ध्या वाटेत कळण्यापेक्षा ते बरं.

बेरेगवरून हिरवंगार, पोस्टकार्डातलं स्वित्झर्लंड दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. समोर आयगर शिखराची मागची बाजू, फीशरवांडची भिंत आणि खाली लोअर ग्रिंडेलवाल्ड हिमनदीने मागे टाकलेला राखाडी दगडगोट्यांचा पसारा. हिमनदी आटली, तिने दोन्ही बाजूंना रचलेल्या मातीदगडांच्या कडांचा आधार गेला आणि त्या ढासळू लागल्या. इथलं जुनं स्टीरेग उपाहारगृह २००५ मध्ये त्यामुळेच सोडावं लागलं. बेरेग त्यानंतरचं, वरच्या बाजूला बांधलेलं. २००६ च्या जुलैमध्ये समोरच्या आयगरचा मोठा कडाच कोसळला. भूगोलाची आवड असेल तर हे दृश्य कुठल्याही कुरणापेक्षा जास्त बोलकं आहे. बेरेगच्या पुढे श्रेकहॉर्न हटकडे जाणारी वाट सोप्या सहलीची नव्हे, तिथूनच मागे फिरा.

रोटश्टॉकला मात्र पूर्ण दिवस द्यावा लागतो. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुचाल्प, तिथून छोट्या रेल्वेने म्युरेन. हे गाव १६३८ मीटरवर आहे, म्हणजे चालायला सुरुवातच कळसूबाईच्या (१६४६ मी.) उंचीवरून. स्पीलबोडेनआल्पपर्यंत रमतगमत जाता येतं. पुढे गवताळ उतारावरून नागमोडी चढ सुरू होतो आणि दमछाक होते ती इथेच. पाऊस पडून गेला असेल तर हाच भाग उतरताना निसरडा होतो, शिवाय गुरांच्या पायांनी चिखल झालेला. चढ संपला की वाट आडवी होत २०३९ मीटरवरच्या हटपर्यंत जाते. जायला सव्वादोन ते अडीच तास, यायला जवळपास तेवढेच. वाट बहुतेक उघड्यावरून आहे, सावली नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी हवंच. मोबदल्यात म्युरेनमधून निघतानाच आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं समोर उभी असतात आणि कुरणांत गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत असतात. गाई वाटेवर असल्या तर वळसा घाला. वासरासोबत असलेल्या गाईच्या जवळ फोटोसाठी जाणं हा मूर्खपणा आहे.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेल्या वेळेत थांबे धरलेले नसतात. फोटो, चिवडा आणि गप्पा धरून त्यात निम्म्याने भर घाला. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, तिच्यासाठी पकड असलेले बूट लागतात. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर ती आपली वाट नव्हे.

सकाळीच होणारी एक चूक: इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी स्वाइलुचिनेनला दोन भागांत तुटते, एक भाग ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. स्विस ट्रॅव्हल पासवर म्युरेनपर्यंतचा सगळा प्रवास येतो, फिंगस्टेगची केबल कार मात्र पूर्ण येत नाही, त्यामुळे खर्चाच्या हिशेबात रोटश्टॉक पुढे.

खाण्याचं काय? दोन्ही ठिकाणी रोख फ्रँक जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर र्‍योश्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) मागताना ‘ओहने श्पेक’ म्हणा, नाहीतर बटाट्यात डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. भाजीच्या सुपाचं पाणीही बऱ्याचदा मांसाचं असतं. केझश्निटेच्या (चीज घालून भाजलेल्या) पावावर पांढरी वाइन ओतलेली असते आणि कधीकधी हॅमही. केक बहुधा निर्धोक.

आईबाबा सोबत असतील, गुडघ्यांची तक्रार असेल किंवा दुपारनंतर वादळाचा अंदाज असेल तर बेरेग घ्या, कारण वीज कडाडायच्या आत खाली येता येतं. शेवटच्या केबल कारची वेळ चढतानाच बघून ठेवा. ती चुकली तर आणखी साडेतीनशे मीटर पायी उतरावं लागतं आणि गुडघे दुखतात ते त्याच उतारावर. दिवसभर आकाश निरभ्र राहणार असेल आणि सगळ्यांना पाच तास चालायची सवय असेल तर रोटश्टॉक. आठच्या आसपास इंटरलाकेन सोडा. जूनच्या सुरुवातीला वरच्या भागात बर्फ राहिलेला असू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी हट उघडी आहे ना, ते फोन करून विचारा. आणि हेलिकॉप्टर बचावसेवेचा १४१४ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. त्या उड्डाणाचं बिल हजारो फ्रँकमध्ये जातं, तेव्हा प्रवास विम्यात डोंगरातला बचाव धरलाय का, हे पुणे-मुंबईतून निघतानाच तपासायचं.