झ्यूसच्या घरचा कुर्सीनामा: ए1 तक्ता कितपत भरवशाचा?

ग्रीक पुराणांचा हा वंशावळ-तक्ता ऑनलाइन मागवता येतो. आकार ए1, म्हणजे 594 बाय 841 मिलिमीटर. नळीत गुंडाळून येत असल्यामुळे घडी पडत नाही. गडद निळी आणि पांढरी अशा दोन पार्श्वभूमी आहेत, नावं इंग्रजीत. वरच्या टोकाला केऑस, गाया, टार्टारस आणि ईरॉस. तळाशी ट्रॉयचं युद्ध लढलेली पिढी आणि त्यांची मुलं.

नायकांची घराणी समजून घ्यायची असतील तर तक्ता जरूर घ्यावा. देवांचा वरचा भाग मात्र पेन्सिल हातात घेऊनच वाचावा लागतो.

ग्रीक वंशावळ कागदावर मांडताना गाडी अडते ती देवांचा राजा झ्यूस याच्यापाशी. बापाखाली सगळी मुलं एका ओळीत, ही नेहमीची पद्धत लावली तर पर्सिअस आणि हेराक्लीस शेजारी-शेजारी येतात, कारण दोघंही झ्यूसचीच मुलं. पण पर्सिअसचा मुलगा इलेक्ट्रिऑन, त्याची मुलगी अल्कमीनी आणि तिच्या पोटी हेराक्लीस. म्हणजे पर्सिअस हा हेराक्लीसचा बापाकडून सावत्र भाऊ आणि आईकडून पणजोबा. एका ओळीच्या हट्टापायी मग अल्कमीनीची रेघ खालून वर चढवावी लागते आणि वाचणाऱ्याचं बोट तिथेच अडकतं.

या तक्त्यानं त्यावर साधा आणि चोख तोडगा काढलाय. झ्यूसपासून खालच्या पिढ्यांपर्यंत रेघच ओढलेली नाही. बाप झ्यूस असेल तिथे मुलाच्या नावाशेजारी बारकी वीज, समुद्रदेव पोसायडन असेल तर त्रिशूळ. पिढी ठरते ती आईवरून. आपल्या जुन्या कुळवृत्तांतांत मुलगी सासरी गेली की बहुधा तिची रेघ संपते. इथे तसं केलं असतं तर निम्मे नायक हवेत लटकले असते.

असा कुठलाही तक्ता तपासायची एक युक्ती आहे: आयोपासून हेराक्लीसपर्यंत पिढ्या मोजायच्या. आयो, एपाफस, लिबिया, बेलस, डॅनाउस, हायपरम्नेस्ट्रा, अबास, अक्रिसिअस, डॅनाई, पर्सिअस, इलेक्ट्रिऑन, अल्कमीनी, हेराक्लीस. आयो धरून तेरा. ‘प्रोमीथिअस बाउंड’ या ग्रीक नाटकात खडकाला जखडलेला प्रोमीथिअस आयोला हाच आकडा सांगतो: तुझ्या वंशातला तेरावा मला सोडवील. आकडा बारा किंवा अकरा आला तर मधली एखादी बाई गाळलेली असते, बहुतेक वेळा लिबिया नाहीतर हायपरम्नेस्ट्रा. या तक्त्यात तेराच्या तेरा आहेत.

पर्सिअसच्या घराण्याचा कोपरा तर सगळ्यात देखणा. त्याची मुलं अल्कीअस, इलेक्ट्रिऑन आणि स्थेनेलस यांना एकेक रंग दिलाय, आणि पुढे लग्नात रंग कसे मिसळतात ते डोळ्यांना दिसतं. अल्कीअसचा मुलगा अँफिट्रिऑन, इलेक्ट्रिऑनची मुलगी अल्कमीनी. दोघं चुलत भावंडं आणि नंतर नवरा-बायको. अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रंथानुसार अल्कमीनीची आई अनॅक्सो ही अँफिट्रिऑनची बहीण, म्हणजे नवरा तिचा सख्खा मामाही लागतो. तक्त्यात अनॅक्सो आहे. ही बारीक नजर दाद देण्यासारखी.

हेराक्लीसकडून कामं करवून घेणारा युरिस्थिअस हा स्थेनेलसचा मुलगा. तक्त्याच्या समासातल्या इंग्रजी टिपेत त्याला हेराक्लीसचा ‘कझिन’ म्हटलंय. मराठीत हिशेब जास्त स्वच्छ होतो: तो अल्कमीनीचा चुलत भाऊ, म्हणून हेराक्लीसचा चुलत मामा. वयानं जवळपास बरोबरीचा असला तरी पिढीनं वरचा. आता पर्सिअसच्या वंशात जो जन्मेल तो मायसीनीवर राज्य करील, असं झ्यूस बोलून बसला. त्याची बायको हेरा, तिनं अल्कमीनीचं बाळंतपण रोखून धरलं आणि स्थेनेलसच्या घरचं सातव्या महिन्यातच उरकवलं. दोघंही पर्सिअसच्या वंशातले आहेत हे रेघेवर दिसलं की ही खोडी एका नजरेत कळते. टिपेनं ते काम अर्धवट सोडलंय.

आता तक्रारी. कुठलं नातं कोणत्या कवीचं, हे तक्त्यावर कुठेच लिहिलेलं नाही, आणि त्यामुळे वरच्या भागात घोळ झालाय. टायटनांच्या, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीतल्या देवांच्या ओळीत ग्रीक कवी हेसिअडप्रमाणे बारा नावं आहेत, सहा पुरुष आणि सहा स्त्रिया. खाली प्रेमाची देवता ॲफ्रोडायटी मात्र होमरप्रमाणे झ्यूस आणि डायोनीची मुलगी दाखवलीय. हेसिअडच्या बारांत डायोनी नाही. अपोलोडोरस तिला टायटनांत धरतो, तेव्हा टायटन एकूण तेरा होतात. इथे दोन्ही हिशेब एकत्र शिवल्यामुळे डायोनीचं नाव कुठूनही न येता मध्येच उगवतं. हेसिअडचं खरं उत्तर वेगळंच आहे: झ्यूसचा आजोबा युरेनस, त्याचं कापलेलं अंग समुद्रात पडलं, भोवती फेस जमला आणि त्यातून ॲफ्रोडायटी झाली. त्या हिशेबानं ती झ्यूसची आत्या ठरते! दोन तुटक रेघा आणि कवींच्या नावांची दोन अक्षरं एवढ्यात काम भागलं असतं.

मॉइराय, म्हणजे नशिबाचा धागा कातणाऱ्या तिघी बहिणी, यांचीही तीच गत. तक्त्यात त्या फक्त झ्यूस आणि थेमिसच्या मुली. पण हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या एकाच काव्यात त्या दोनदा जन्मतात: 217 व्या ओळीत रात्रीच्या पोटी आणि 904 व्या ओळीच्या आसपास थेमिसच्या. म्हणजे नुसतं ‘हेसिअडप्रमाणे’ लिहूनही भागत नाही, ओळीचा आकडा लागतो.

खाली अट्रिअसच्या घरात पेलोपिया गाळलीय, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. अट्रिअसचा भाऊ थायेस्टीस, त्याला पेलोपिया या स्वतःच्याच मुलीपासून झालेला मुलगा एजिस्थस. पेलोपियाशिवाय तो अट्रिअसचा मुलगा अगामेम्नॉन याचा साधा चुलत भाऊ दिसतो आणि त्या घरातलं विष रेघेत उतरतच नाही. सूचीत इलेक्ट्राही एकच. वास्तविक एक प्लेयड, म्हणजे ॲटलसच्या सात मुलींपैकी एक, डार्डनसची आई आणि म्हणून ट्रॉयच्या राजघराण्याची मूळ बाई; दुसरी अगामेम्नॉनची मुलगी. सूचीवरून शोधणारा नेमका ट्रॉयच्या बाजूला जाऊन चुकतो.

छपाईबद्दल थोडं. नावं सहा पॉइंटांत आहेत, हातभर अंतरावरून वाचता येतात, खोलीच्या पलीकडून नाही. गडद निळी आवृत्ती फोटोत झकास दिसते, पण गडद रंगात पांढरी अक्षरं कोरून सोडली की बारीक अक्षरांच्या पोटात शाई भरते. ‘e’ आणि ‘a’ सारखेच दिसायला लागतात. ग्रीक नावांत हे महागात पडतं. सोनेरी रेघा ट्यूबलाइटखाली चमकून गायब होतात. चकचकीत लॅमिनेशन केलं तर आणखीच वाईट.

तेव्हा पांढरी, मॅट कागदाचीच घ्या. नळीतून काढल्यावर उलट्या बाजूनं सैल गुंडाळून एक रात्र ठेवा, मग सपाट पुस्तकांखाली, नाहीतर फ्रेममध्ये कोपरे उचलले जातात. फ्रेम करण्याआधी टोकदार एचबी पेन्सिलनं वादग्रस्त रेघांवर अक्षरं टाका: हेसिअडला ‘हे’, होमरला ‘हो’, अपोलोडोरसला ‘अ’. पेलोपियाचं नाव थायेस्टीसच्या खाली, एजिस्थसच्या वर. तिथे जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा आहे, पुरते.