होलोफेन की क्वेझल? विजेच्या पहिल्या दिवसांतल्या काचेच्या शेड्स घेताना

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुना पितळी दिवा हाती लागलेल्या माणसापुढे बहुतेकदा काचेच्या शेड्सचे हेच दोन पर्याय येतात: होलोफेन किंवा क्वेझल, दोन्ही जुनी नावं. आधी दिव्याचं माप घ्या. विजेच्या छोट्या शेडची मान साधारण सव्वादोन इंचांची असते, गॅसच्या शेडची चार इंचांच्या आसपास. ज्योतीला खालून हवा लागे, म्हणून ती मान रुंद.

होलोफेनची कल्पना पॅरिसची: आंद्रे ब्लाँडेल आणि स्पिरिडियन प्सारुदाकी यांची, १८९० च्या दशकातली. अमेरिकेत ओटिस मायगॅटने ती आणली आणि काच ओहायोतल्या नेवार्कच्या हायझी कारखान्यात तयार होऊ लागली. साच्यात दाबलेल्या या काचेवर बारीक लोलकांच्या ओळी असतात. तेव्हाचे कार्बन तारेचे बल्ब मंद, त्यामुळे प्रकाश वाया न घालवता हवा तिकडे वळवणं हेच या शेडचं काम. दिवसा ती साधी, थोडी धुळकट दिसते. दिवा लावला की सगळं अंग उजळतं, आणि मला तो क्षण फार आवडतो.

क्वेझल नेमकी उलट. टिफनी या प्रसिद्ध अमेरिकन काचकाराकडे काम केलेल्या मार्टिन बाखने न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये १९०१ च्या सुमारास हा कारखाना काढला. फुंकून केलेली काच, ओढून काढलेली पिसांची नक्षी, आतून सोनेरी झळाळी. तिचं खरं रूप खिडकीच्या उजेडात बघावं. दिवा लावल्यावर बाहेरची झळाळी मावळते, उरतो मधासारखा पिवळा उजेड. वाचायला तो अपुरा पडतो.

किमतीत क्वेझल बरीच वर. शिवाय हातची काच असल्याने चार तंतोतंत सारख्या शेड्स जमवणं कठीण. होलोफेनचा फुटलेला नग बदलता येतो.

होलोफेनचं नाव काचेतच उठावात असतं. क्वेझलचं मानेच्या काठावर कोरलेलं, आणि ते मागाहूनही कोरता येतं. म्हणून फक्त सहीवर पैसे देऊ नका. स्क्रू बसायची जागा झिजलेली आहे का, तेही पाहा; झीज ही जुनेपणाची खूण.

होलोफेनच्या खाचांतली धूळ कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने निघते. क्वेझलला घासू नका, झळाळीचा थर अगदी पातळ असतो. दोन्हींत एलईडी बल्बच लावा, उष्णता कमी.

दिवा रोज लावायचा असेल तर होलोफेनच घ्या. क्वेझल एकच घ्या, पण बिनतड्याची.