दुसऱ्या वर्षीचा विमा आणि ८४३ रुपयांची पॉलिसी

ऑक्टोबर २०२२ मध्ये दसऱ्याच्या मुहूर्तावर कऱ्हाडला घेतलेल्या माझ्या १२५ सीसी मोटारसायकलच्या विम्यात माझी फसवणूक झाली. तिची पद्धत इतकी साधी होती की ती आणखी कित्येकांवर वापरली गेली असणार, याबद्दल मला शंका नाही. नवी दुचाकी घेताना शोरूममधून मिळणाऱ्या पॉलिसीत सहसा दोन निरनिराळ्या मुदती असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, भाग मात्र त्याच पॉलिसीत बहुधा एका वर्षाचाच असतो. पहिले वर्ष सरले की आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा चालू राहतो, पण आपली गाडी आपटली, चोरीला गेली किंवा पुरात बुडाली तर हाती काही लागत नाही. पॉलिसीवर २०२७ ची तारीख ठळकपणे दिसत असल्याने ही पोकळी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात आली होती, आणि तेवढ्यासाठीच मी ऑक्टोबर २०२३ मध्ये एजंटाकडे गेलो होतो.

हा गृहस्थ पीयूसीच्या व्हॅनशेजारी टेबल टाकून बसतो आणि लायसन्स, पासिंग, विमा अशी सगळी कामे घेतो. मला ओन डॅमेज हवे आहे, त्यावर झिरो डेप (क्लेम देताना सुट्या भागांच्या जुनेपणाची रक्कम, म्हणजे घसारा, न कापणारे संरक्षण) हवे आहे आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही हवा आहे, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. ‘साहेब, सगळं टाकून देतो, फुल विमा होईल’, असे म्हणून त्याने २,६५० रुपये यूपीआयने घेतले आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एका पानाची पॉलिसी पाठवली. तिच्यावर विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, माझा चेसिस क्रमांक आणि पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी व ओन डॅमेज दोन्ही असलेली पॉलिसी, असा मथळा होता. वाहनांची कागदपत्रे दाखवणाऱ्या सरकारी एम-परिवहन ॲपमध्येही विमा वैध दिसत होता. तिथे विम्याची मुदत दिसते, त्याचा प्रकार दिसत नाही, ही गोष्ट अशा लोकांना पक्की ठाऊक असते.

जुलै २०२४ मध्ये कुंभार्ली घाटात एका वळणाआधी पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक लावला, ओल्या रस्त्यावर माझी गाडी घसरली आणि कडेच्या गटारात जाऊन आदळली. मागे बसलेल्या माझ्या पत्नीचा कोपर सोलवटला. त्याहून अधिक काही झाले नाही. गाडीचे मात्र फोर्क वाकले, हेडलाइट फुटला, टाकीवरचे पॅनेल आणि पुढचा मडगार्ड तुटला. सर्व्हिस सेंटरने २८,४०० रुपयांचे एस्टिमेट दिले आणि क्लेम नोंदवण्यासाठी पॉलिसी क्रमांक टाकला. कंपनीकडून उत्तर आले की ही पॉलिसी केवळ थर्ड पार्टीची असून तिच्यात ओन डॅमेज नाही, झिरो डेप नाही आणि वैयक्तिक अपघाताचे संरक्षणही नाही.

कंपनीच्या शाखेत मूळ पॉलिसी काढून घेतली तेव्हा सगळा प्रकार उलगडला. पॉलिसी खरी होती, क्रमांकही खरा होता. पण कंपनीच्या दप्तरी तिचा हप्ता ७१४ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४३ रुपये, एवढाच होता. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला एका वर्षाच्या थर्ड पार्टीसाठी सरकारने ठरवून दिलेला दर तेव्हा हाच होता. थोडक्यात, जो विमा माझ्याकडे २०२७ पर्यंत आधीच होता, तोच मला पुन्हा विकला गेला आणि जो हवा होता तो काढलाच गेला नाही. मधले अठराशे रुपये टेबलापलीकडे राहिले.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर बनावट डोळ्यांत भरत होती. मला पाठवलेल्या पानावर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ८५,५०० रुपये होती आणि तेवढेच आकडे बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड व ओळीच्या जरासे खाली उतरलेले होते. मुख्य म्हणजे हा आकडा पहिल्या वर्षीच्या पॉलिसीतून जसाच्या तसा उचललेला होता. नव्या गाडीची आयडीव्ही किमतीतून ५ टक्के वजा करून धरतात, आणि सहा महिन्यांनंतर ही घट १५ टक्के, वर्ष उलटल्यावर २० टक्के होते. त्यामुळे दुसऱ्या वर्षी तोच आकडा कायम राहणे संशयास्पद असते. पहिल्या वर्षी क्लेम नसल्याने मिळायला हवा होता तो २० टक्के नो क्लेम बोनसही त्या पानावर कुठे नव्हता. पॉलिसीवरचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल माझे नव्हतेच. कंपनीने पाठवलेले संदेश आणि पूर्ण पॉलिसी त्या दुसऱ्याच क्रमांकावर जात होती, म्हणून अपघातापर्यंत काही कळण्याचा मार्ग नव्हता.

या धंद्याचे गणित ओळखून असावे. वाहतूक पोलीस फक्त थर्ड पार्टी तपासतात, आणि बहुतेक मालक वर्षभरात क्लेम करत नाहीत. त्यामुळे असा कागद उघडा पडतो तो अपघातानंतरच. खरी पॉलिसी असती तर झिरो डेपमुळे सक्तीची १०० रुपयांची वजावट आणि किरकोळ खर्च सोडून जवळपास सगळे बिल मिळाले असते. झिरो डेप नसते, तरी प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि माझ्या गाडीच्या वयानुसार धातूच्या भागांवर १० टक्के घसारा कापून बाकी रक्कम हाती आली असती. आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. केवळ कायद्याच्या सक्तीपुरत्या पॉलिसीत मागे बसणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात म्हटले आहे. कोपरावर निभावले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

ज्यांच्या गाडीचे पहिले वर्ष संपत आले आहे, त्यांनी एजंटाच्या शब्दापेक्षा हप्त्याचा तपशील पाहावा. ओन डॅमेजच्या रकान्यात शून्य असेल तर वर काहीही छापलेले असले तरी गाडीला संरक्षण नाही. थर्ड पार्टी चालू असताना घेतलेल्या स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसीवर त्या चालू थर्ड पार्टी पॉलिसीची कंपनी, क्रमांक आणि मुदत नोंदवलेली असते. ती नोंद नसेल तर पैसे देण्याआधीच विचारावे. पैसे थेट विमा कंपनीच्या खात्यात भरावेत, आपलाच मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि पॉलिसी कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावी. पुढचा विमा मी असाच काढला. त्यासाठी कोणत्याही टेबलाची गरज पडली नाही.

कंपनीने दुबार पॉलिसी रद्द करून ८४३ रुपये परत केले. ती एका वेगळ्याच गावातल्या विक्री प्रतिनिधीच्या कोडवरून निघाली होती. टेबलवाल्याकडे स्वतःचा कोड नव्हताच. कंपनीशी वाद असता तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता आली असती, पण इथे कागदच बदललेला असल्याने मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. प्रकार २०२३ चा असल्यामुळे ती जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४२०, ४६८ आणि ४७१ या कलमांखाली घेतली गेली. कोडधारकाचा जबाब झाला आहे. टेबलवाल्याने हाताखालच्या पोराने चुकून दुसरी पॉलिसी काढल्याचे सांगितले आणि तक्रार मागे घेतल्यास २,६५० रुपये रोख परत करण्याची तयारी दाखवली. मी ती अट मान्य केलेली नाही.