हॉकीतली रिव्हर्स हिट शिकायची कुठे: मुरमावर की टर्फवर?
मुरमाच्या मैदानावर पोट्ट्यांना रिव्हर्स हिट शिकवताना माझा जीव वर-खाली होतो. स्टिक जमिनीलगत आडवी झोपवून तिच्या धारेनं चेंडू मारायचा असतो. मध्ये एक खडा आला की चेंडू उसळतो, बोटांची सालटी निघतात. मग मूल पुढच्या वेळी हात आखडता घेतं, आणि ती भीती लवकर जात नाही.

टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू सरळ येतो, स्टिक घसरत जाते. ऑलिम्पिक हॉकी 1976 पासून टर्फवरच आहे. फक्त नागपूरच्या मे महिन्यात पहाटेच जावं लागतं.

मुरमावर मी पवित्रा तेवढा घोटून घेतो: चेंडू थांबलेला, डाव्या पायाच्या बाहेर, गुडघे खोल वाकलेले. जोर टर्फवरच लावू देतो.