चार भाषांतले दिवाळी शुभेच्छापत्र

मलेशियातील एका विरोधी नेत्याने काढलेले हे शुभेच्छापत्र मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजीत छापले असून, तमिळ मजकुराची अक्षरे इतरांइतकीच मोठी आहेत, हे मला मनापासून भावले. पणतीच्या चित्राखाली स्वच्छ मतदारयाद्या, बोटावरची न पुसणारी शाई आणि वंशभेदाविना समान संधी यांची मागणी आहे. यांपैकी पहिल्या दोन मागण्यांसाठी २००७ मध्ये, दिवाळीनंतर दोनच दिवसांनी, क्वालालंपूरच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते. कागद पातळ आहे, घडीवर लगेच फाटतो. मात्र १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणापासून भूमिपुत्रांना, म्हणजे मलय व इतर मूळ रहिवाशांना, मिळणाऱ्या सवलतींविषयी पत्र मोघमच बोलते, आणि समतेचा खरा प्रश्न तर तिथेच अडलेला आहे.